जावईबुवांचे टायर

आमच्याकडे जावयाला दहावा ग्रह म्हणतात. बाकीचे नऊ निदान आकाशात तरी राहतात, खाली उतरून सासऱ्याच्या ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये हात घालत नाहीत. आमच्या घरच्या ग्रहाने तोही घातला. ग्रह माझाच नवरा आहे, म्हणून बोलते. दुसऱ्या कोणी त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढला तर मी ऐकून घेणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

हे वर्ध्याला एका कार्यालयात बाबू आहेत. आम्ही राहतो सिंदी मेघेला. मोटरसायकलपेक्षा मोठं वाहन यांनी आयुष्यात चालवलेलं नाही, आणि तीही पावसात काढत नाहीत, कारण सर्दी होते. पण मोबाइलवर ट्रकचे व्हिडिओ पाहावेत तर यांनीच. जेवताना ताटापुढे मोबाइल, मोबाइलात कोण्या परदेशातला ट्रक, त्याला माणसाच्या छातीएवढे टायर, आणि तो दगडधोंड्यांवरून चढून राहिला. वरण थंड होतं, भात थंड होतो, ट्रक चढतच असतो. 'पाह्य, याले म्हणते गाडी,' असं मला ऐकवायचं आणि पुन्हा मान खाली. मी म्हणायची, बापा, तो चढला तरी आपल्याला काय, आपला गॅस सिलिंडर सकाळपासून खाली जिन्यापाशी पडला आहे, तो कोण चढवणार? तो शेवटी मीच चढवायची.

माझं माहेर कारंजा (घाडगे)कडचं, हायवेला लागून. घरी वावर आहे, संत्र्याची थोडी झाडं आहेत, पण माझ्या बाबांचं मन वावरात कधी रमलं नाही. त्यांचा जीव ट्रकमध्ये. आधी लोकांच्या गाड्या चालवल्या, मग स्वतःची एक लहान सहाचाकी घेतली. संत्र्याच्या हंगामात घाटाखालच्या बागांतून माल भरायचा, तळेगावचा घाट चढायचा आणि मंडी गाठायची, हे त्यांचं आयुष्य. घाट चढताना ते बोलत नाहीत. रेडिओ बंद करतात. लहानपणी मी बाजूला बसलेली असले तर मलाही गप्प करायचे, म्हणायचे, गाडी काय म्हणते ते ऐकू दे. मला ती कधीच काही म्हणाली नाही. त्यांना रोज म्हणत असे.

मग एका उन्हाळ्यात केबिनमधून उतरताना बाबांचा पाय घसरला आणि गुडघा दुखावला. गुडघा बरा झाला, पण तोवर घरात बैठक बसली. आमच्याकडे माणूस आजारी पडला की तो बरा व्हायच्या आत त्याच्या कामाची वाटणी होते. लहान भाऊ म्हणाला, आता स्टिअरिंग मी घेतो, तुम्ही आराम करा. आई त्याच्या बाजूची. शेजारचे, पाजारचे, सगळेच आराम या विषयातले जाणकार निघाले. ज्यांनी जन्मभर खाटेवरून पाय खाली ठेवला नाही, तेसुद्धा बाबांना आरामाचे फायदे समजावून गेले.

बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाले की या हंगामातली पहिली भरती मी घाटातून नेतो. नेली, तर स्टिअरिंग माझं. नाही नेली, तर किल्ली पोराची. मी बुढा झालो का नाही ते घाटच सांगेल म्हणाले. भाऊ कबूल झाला, आई कबूल झाली. वरून ते हसत होते, पण मला माहीत होतं, गाडी हातातून गेली तर या माणसाकडे दुसरं काही उरत नाही. तो एक चढ चढले तर ते ड्रायव्हर, नाही तर अंगणातला म्हातारा.

आणि त्याच पावसाळ्यात धोंड्याचा महिना आला.

ज्यांना जावई नाही अशा सुखी लोकांसाठी सांगते. हा अधिक महिना तीनेक वर्षांनी एकदा येतो, आणि त्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, दिवे लावून ओवाळायचं, वाण द्यायचं आणि तो काय म्हणेल ते झेलायचं. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. आमचे नारायण मोबाइल घेऊनच पाटावर बसले.

जेवणं झाल्यावर बाबांनी रीतीप्रमाणे हात जोडून विचारलं, जवाईबुवा, काय पाहिजे ते मांगा. रीत अशी की जावयाने 'सगळं आहे, काही नको' म्हणायचं आणि सासऱ्याने तरी काहीतरी द्यायचंच. आमच्या यांनी चेहरा गंभीर केला, मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाले, "मले माह्यासाठी काहीच नको, मामाजी. तुमच्या गाडीले मोठे टायर लावा. बस, हेच माह्यं वाण."

मायबाई! आईच्या डोळ्यांत पाणी आलं. काय त्याग तो! लोकांचे जावई अंगठी मागतात, गाडी मागतात, आणि आमचा जावई सासऱ्याच्याच गाडीसाठी मागून राहिला. शेजारच्या काकू तर दुसऱ्या दिवशी यांना मुद्दाम पाहायला आल्या. मी कपाळावर हात मारून घेतला, तो कोणाला दिसला नाही.

आता खोटं कशाला बोलू, मागणी अगदीच वाऱ्यावरची नव्हती. पावसात बागेच्या वाटेवर काळ्या मातीत गाडीचं पोट घासायचं, टायर जरा उंच असते तर बरंच होतं. पण 'जरा' हा शब्द यांच्या व्हिडिओत नाही. वाण म्हणून मागितलेलं नाकारायचं नाही आणि त्यात कमीही करायचं नाही. झालं, मोठ्या रिंगा आल्या, मोठे टायर आले, मडगार्ड कापून वर उचलले. आमची लहानशी गाडी त्या टायरांवर अशी काही बसली की बोलायची सोय नाही. नाकापेक्षा मोती जड. गावातले पोट्टे फोटो काढायला जमले आणि प्रत्येक फोटोत हे उभे होते, एक हात टायरवर ठेवून.

टायर मोठे केले की काम तिथे संपत नाही, हे मला घरच्या सगळ्यांसोबत मिस्त्रीच्या शेडमध्ये उभं राहून कळलं. ट्रकच्या मागच्या एक्सलच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात. मोठं ते क्राउन, लहान ते पिनियन. इंजिन पिनियनला फिरवतं, पिनियन क्राउनला, आणि क्राउन टायरांना. पिनियनला दाते कमी, तर गाडीला ताकद जास्त आणि पळणं कमी. दाते जास्त, तर पळणं जास्त आणि ताकद कमी. टायर मोठा केला की एका फेऱ्यात गाडी जास्त जमीन कापते, म्हणजे इंजिनला जास्त ओढावं लागतं. तो भार उतरवायला पिनियनचे दाते कमी करायचे. आमच्या गाडीला सात दातांची पिनियन होती, या टायरांना सहाची पाहिजे होती. यात ब्रह्मज्ञान काही नाही. मला पोळ्या लाटता लाटता समजलं असतं.

मिस्त्री म्हणाला, सहाची टाकून देतो. बाबा मान हलवणार, तेवढ्यात वाणाचे मालक पुढे झाले.

"मोठ्या टायरले मोठी पिनियन पाहिजे, मामाजी. आठची टाका. साधा हिशोब आहे."

वर ॲव्हरेजही वाढेल म्हणाले. यांनी तसा एक व्हिडिओ पाहिला होता. त्या व्हिडिओतली गाडी रिकामी होती आणि सपाट रस्त्यावर होती, एवढी बारीकशी गोष्ट तेवढी नजरेतून सुटली.

मिस्त्रीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी जमिनीकडे पाहिलं. भाऊ पान्याला लागलेलं ग्रीस पुसत बसला, जसं काही त्याचा जन्मच त्यासाठी झाला होता. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की मोठे टायर आणि वर आठची पिनियन म्हणजे भरलेल्या गाडीच्या पायात बेडी. मी पाच मिनिटांची शिकलेली, तरी मलाही कळलं. मी तोंड उघडलं, 'अहो, पण हे उलटं होईन न,' एवढंच निघालं आणि आईने मागून असा चिमटा काढला की पुढचं वाक्य पोटातच राहिलं. नवऱ्याला चारचौघांत खोडायचं नाही. माहेरी तर नाहीच, आणि धोंड्यात तर बोलायलाच नको. मिस्त्रीने शेवटचं विचारलं, काय टाकू? बाबा म्हणाले, जवाईबुवा म्हणते ते टाक.

नंतर मी बाबांना गोठ्यापाशी गाठलं आणि विचारलं, काऊन गप्प बसले तुम्ही? पहिली भरती तुम्हालाच न्यायची आहे न? ते म्हणाले, दिलेलं वाण परत घ्यायचं नसते बाई, हंगामाच्या आधी पाहू काही. पण पाहणार कसं? हे दर रविवारी सिंदी मेघेहून फोन लावत, गाडी कशी चालून राहिली मामाजी? पिनियन बदलली का, हे यांनी पहिल्याच फोनमध्ये विचारलं असतं आणि बाबांना खोटं बोलता येत नाही. रिकामी गाडी सपाटीला खरंच पळत होती. म्हणून बाबा तेवढंच खरं सांगत, पळते जवाईबुवा. फोन ठेवला की हे माझ्याकडे पाहत, जसं काही इंजिन यांनीच शोधलं.

भाऊबीजेला आम्ही माहेरी गेलो आणि नेमकी त्याच दिवशी पहिली भरती निघाली. संत्री झाडावर भाऊबीज पाहून थांबत नाहीत. बागेत कॅरेट भरले, गाडी लादली, दोर आवळले. यांनी नवा शर्ट घातला होता. बाबा स्टिअरिंगवर, मी त्यांच्या बाजूला, भाऊ आणि हे मागून मोटरसायकलवर. घाटाच्या पायथ्याशी बाबांनी रेडिओ बंद केला.

सुरुवातीच्या चढालाच गाडी दुसऱ्या गिअरवर आली, मग पहिल्यावर. मग पहिल्यावरही तिचा जीव घाबरा झाला. बाबांनी ड्रायव्हरला करता येतं ते सगळं करून पाहिलं. मी त्यांच्या पायाकडेच पाहत होते. गुडघा जरासुद्धा थरथरला नाही, देवाशपथ. पण मागून गाडीला कोणी धरून ठेवल्यासारखं झालं आणि वळणाच्या अलीकडे ती थांबली. क्लचचा जळका वास केबिनभर पसरला. बाबांनी हँडब्रेक ओढला, भावाने धावत येऊन टायरांमागे गोटे लावले.

आपल्याकडे माणूस अडला तर कोणी थांबत नाही, पण गाडी अडली की सगळ्यांना वेळ असतो. ओळखीचे ड्रायव्हर थांबले, ट्रॅक्टरवाले थांबले, वरच्या ढाब्यावरचे दोघं-तिघं चालत खाली आले. याच घाटात बाबांनी कित्येकांच्या अडलेल्या गाड्या काढून दिल्या होत्या. आज तेच लोक हात मागे बांधून उभे होते आणि बाबा खाली उतरून टायरांकडे पाहत होते. मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं.

हे मोटरसायकलवरून उतरले. आपल्या टायरांभोवती एक चक्कर मारली, ते खुशाल आहेत अशी खात्री करून घेतली, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "गाडी तं बराबर आहे, मामाजी. तुमच्या पायात आता तो दम नाई राह्यला. वय होतेच न माणसाचं."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. भावाचा चेहरा लालभडक झाला. मी केबिनमधून उतरायला पाय खाली टाकला, आणि बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. बोलू नको, एवढाच त्याचा अर्थ होता. मग ते हसले, यांना म्हणाले, हो जवाईबुवा, पाय थरथरते आता. आणि किल्ली काढून भावाच्या हातात दिली.

बघ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी म्हणालं, चालायचंच. ट्रॅक्टरवर अर्धे कॅरेट उतरवले, गाडी हलकी झाली, भावाने ती कशीबशी वर नेली, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बुढ्याचं आता झालं.

घरी आल्यावर मी आईला धरलं. म्हटलं, तुम्हा सगळ्यांना माहीत होतं, एकानेही तोंड उघडलं नाही. आई ओवाळणीचं ताट पुसत होती. ती म्हणाली, "तुले नांदाचं आहे त्याच्यासंग. आमच्या दारात त्याचं तोंड पाडलं तं तुह्याकडं कसा पाह्यन तो?" म्हणजे हे सगळं माझ्या संसारासाठी चाललं होतं! मला कोणी विचारलं होतं का? मी म्हटलं, माझा संसार एका पिनियनवर टेकलेला असेल तर मोडू दे तो. भाऊबीजेच्या दिवशी असं बोलू नाई, असं म्हणून आईने ताट फळीवर ठेवलं आणि विषयही तिथेच ठेवला.

आमची पाठ फिरली तशी भावाने गाडी मिस्त्रीकडे नेली. भरलेली गाडी त्याच्याच्याने बागेच्या नाल्यातूनही निघत नव्हती, आणि त्याच्या पायाला तर काही वय झालेलं नव्हतं. मिस्त्रीने आठची काढून सहाची बसवली. हे भावाने मला फोनवर इतक्या हळू आवाजात सांगितलं, जसं काही घरात चोरी लपवली आहे. टायर तेच, दिसायला गाडी तीच, पण आता भरून घाट सहज चढून राहिली. मी म्हटलं, मग बाबांना किल्ली दे परत. तो म्हणाला, देऊन पाहिली, घेत नाही.

संक्रांतीच्या आसपास आम्ही पुन्हा गेलो. झाडावरचा उरलासुरला माल निघत होता. हे अंघोळीला गेले होते आणि यांच्या अंघोळीला वेळ असतो. भरलेली गाडी अंगणात उभी होती. भावाने बाबांपुढे किल्ली धरली आणि सरळ म्हणाला की चूक गाडीची होती, तुमची नाही, आज तुम्हीच न्या. माझा भाऊ वाईट नाही. त्याला स्टिअरिंग पाहिजे होतं, पण असं नव्हतं पाहिजे. मीही म्हटलं, बाबा, घ्या न.

बाबांनी किल्लीकडे पाहिलं. असं पाहिलं की मला वाटलं, घेतात. हात जरा पुढेही आला होता. मग तो त्यांनी धोतराला पुसला.

"मी चढवली तं लोक इचारतीन, मंग त्या दिवशी काऊन नाई चढली? कोनाचं नाव सांगू मी?"

मग गाडीला वळसा घालून ते पलीकडच्या दाराने, क्लीनरच्या बाजूने, वर चढून बसले. माझं तोंड एरवी कोणाला ऐकत नाही. त्या वेळी मी फक्त ते दार बाहेरून लावून दिलं.

गाडी निघाली. मागून मोटरसायकलवर आम्ही दोघं. घाटात गाडी कुठे थांबली नाही की कुरकुरली नाही. वळण आलं तसं गेलं. वरच्या ढाब्यावर सगळे चहाला थांबले, आणि भाऊबीजेला जे बघायला खाली आले होते त्यांनी भावाच्या पाठीवर थाप मारली. पोट्टं बापाच्या वर निघालं म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले. तरण्या पायाची गोष्टच वेगळी असते, असंही म्हणाले.

हे माझ्या बाजूला बाकावर बसले होते. चहा फुंकत, समाधानाने, मला हळूच म्हणाले, पाहिलं? मी त्याच दिवशी म्हटलं होतं न, गाडीत काहीच खोट नाही, ड्रायव्हरचा फरक आहे.

इथे आई नव्हती चिमटा काढायला. मी सगळं सांगितलं. आठ म्हणजे काय आणि सहा म्हणजे काय, सहाची कधी बसली, कोणाकोणाला पहिल्यापासून माहीत होतं. आणि सकाळी किल्ली समोर असताना बाबा काय म्हणाले, तेही शब्दाला शब्द. आवाज चढवला नाही. टोमणासुद्धा मारला नाही, मलाच आश्चर्य वाटलं. यांच्या हातातल्या चहावर साय धरली. मग हे म्हणाले, "मंग मले काऊन नाई सांगतलं कोनी?"

"तुम्ही जवाई आहा."

हे उठले. पलीकडे खाटेवर बाबा एकटे बसले होते, उशाकडच्या अंगाला, जिथे वडीलधारा माणूस बसतो. हे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि मान खाली घालून काहीतरी बोलले. हायवेवरून गाड्या जात होत्या, मला ऐकू आलं नाही. बाबा गडबडीने उठले, यांचा हात धरला, बसा जवाईबुवा, बसा म्हणत यांना उशाकडे बसवलं आणि आपण पायथ्याशी सरकले.